वाडग्याचं बारदान

चहा घ्या आधी. बिनसाखरेचा आहे, तोंड वाकडं करू नका! का बिनसाखरेचा, तेच तर सांगायला बसलोय. आणि हसायचं ते शेवटी हसा. मधेच हसलात तर माझी गाडी अडते, आणि ह्या प्रकरणात मी आधीच इतका तोंडावर आपटलोय, की आता आणखी आपटायला तोंड शिल्लक नाही.

तर मी मापाडी. वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्यांचं वजन करणारा माणूस. शेतकरी म्हणतो माल जास्त आहे, व्यापारी म्हणतो कमी आहे, आणि मधे मी उभा. मी जो आकडा पुकारला तो दोघांनी गप मान्य करायचा. सत्तावीस वर्षं हेच केलं. आमच्या धंद्यातला एकच शब्द ध्यानात ठेवा, बारदान. बारदान म्हणजे रिकामी गोणी. कांदा काट्यावर चढतो तो गोणीसकट. मग आकड्यातून गोणीचं वजन वजा करायचं, उरला तो खरा माल. सोपं आहे. पण सत्तावीस वर्षं हेच करून करून माझ्या डोक्यात असं बसलंय, की कुठलाही आकडा दिसला की आधी त्यातून काहीतरी वजा करावंसं वाटतं. आमचा अमोल जन्मला तेव्हा नर्सनं त्याचं वजन सांगितलं, तर मी काय विचारावं? "दुपट्यासकट, का दुपटं वजा करून?" सासरेबुवा शेजारी उभे होते. ते त्यानंतर महिनाभर माझ्याशी बेताचंच बोलले.

आता आमची मंडळी. सुमन. कोरेगाव तालुक्यातली, बोलणं अजून तिकडचंच. कोपरखैरण्याच्या गावठाणात जनाबाय म्हणून आगरी म्हातारी आहे, तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही वीस वर्षं भाड्यानं राहतो. तिथंच खिडकीपाशी सुमनची शिलाई मशीन. साडीला फॉल, ब्लाऊजला हूक, पिको, सगळं करते. बायका घणसोलीवरून तिच्याकडं येतात. नुसत्या शिलाईला नव्हे हो, तिच्याशी चार शब्द बोलायला पण येतात. ते दुकान म्हणा, देऊळ म्हणा, तिचं सगळं तिथंच.

गेल्या दिवाळीत तिनं एका बाईच्या ब्लाऊजची बाही उलटी जोडली. सुमननं! बाई हसून परत घेऊन आली, पण ती गेल्यावर सुमन रडली. म्हणाली, "मला सुई दिसत न्हाई वो. धुकं दिसतंय नुसतं."

डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करू. पण रक्तातली साखर एवढी वर असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. आधी साखर खाली आणा, मग तारीख देतो.

तोवर काय? तोवर मी रोज मार्केटला निघण्याआधी दहा सुयांत दोरा ओवून उशीला टोचून ठेवायचो. तिचा दिवसभराचा कोटा. दहा सुया संपल्या की सुमनचं दुकान बंद. अकरावी सुई हातात धरून खिडकीकडं बघत बसलेली मी पाहिलीय तिला. तेव्हाच ठरवलं, हिची साखर खाली आणायची म्हणजे आणायचीच.

सीवूड्सला एक डाएटवाली ताई आहे, डॉक्टरांनीच तिच्याकडं पाठवलं. पोरगी वयानं आमच्या अमोलएवढी, पण बोलायला एकदम साफ. "मावशी, भात बंद. साखर बंद. बटाटा बंद."

बटाटा बंद म्हटल्यावर माझ्याच पोटावर पाय आल्यासारखं झालं.

"भाकरी अर्धी. डाळ, अंडं, पनीर खा. आणि भाज्या मापात. हे लो-कार्ब आहे, म्हणजे साखर वाढवणारं सगळं कमी. मटार, गाजर, लाल भोपळा, मोडाची मटकी, ह्यांच्यात पण ते असतं. म्हणून ह्या भाज्या मोजूनच." असं म्हणून तिनं कागद दिला. मटार अर्धा कप. गाजर चिरून अर्धा कप. लाल भोपळा एक कप. मटकी अर्धा कप. पालक दोन कप.

मी विचारलं, "ताई, कप म्हणजे कुठला कप? चहाचा कप हाटेलात वेगळा, घरात वेगळा, आणि लग्नात तर अंगठ्याएवढा असतो."

तिनं ड्रॉवरमधून एक प्लॅस्टिकचा निळा कप काढला. "हा घेऊन जा काका. फुकट आहे. ह्यानं मोजायचं, झालं."

मला हसूच आलं. "ताई, मी मापाडी आहे. माझ्या घरात कपानं भाजी मोजली हे कळलं तर मला मार्केटात तोंड दाखवता येणार नाही. कपात पाणी किती मावतं तेवढं सांगा, त्याचे ग्रॅम मी काढतो."

"दोनशे चाळीस मिली. पण काका, कपच सोपा पडेल..."

"घ्या की वो," सुमन म्हणाली, "फुकट देतीया पोरगी."

मी तो कप टेबलावरून परत ताईकडं सरकवला. अगदी दोन बोटांनी! काय रुबाब तो! तो निळा कप लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मार्केटातलं काम आटपलं, आणि मी गाळ्यावर दुकान मांडलं. संपत माझ्या गावचा, माथाडी, पन्नास किलोची गोणी पाठीवर टाकतो आणि वर बिडी मागतो असला गडी. त्याला मदतीला घेतला. स्टीलचा ग्लास घेतला, बरोबर दोनशे चाळीस ग्रॅम पाणी भरलं, जिथं पाणी आलं तिथं खिळ्यानं रेघ मारली. झाला कप! मग त्यात मटार भरायचा, व्यापाऱ्याच्या टेबलावरच्या बारीक काट्यावर तोलायचा, ग्रॅम लिहायचे. मटार अर्धा कप, सत्तर ग्रॅम. गाजर साठ. मटकी पंचावन्न. भोपळा एकशे पंधरा. लोक जमले. तीन हमाल, एक चहावाला, एक व्यापारी. सगळ्यांना एकदम डाएटात इंटरेस्ट!

पालकावर आलो आणि तंटा झाला.

"दाबून भरायचा का मोकळा?" चहावाल्यानं विचारलं.

"दाबूनच," संपत म्हणाला. "मोकळा माल मोजत्यात व्हय कुटं?" आणि त्यानं मूठ घातली. त्या मुठीखाली अख्खी जुडी त्या ग्लासात गेली, ग्लास वाकायचा राहिला.

मी ताईला फोन लावला. "ताई, पालक दाबून का मोकळा?"

"हलक्या हातानं, काका."

"हलका हात म्हणजे कितीचा?"

मग म्हणाली, "काका, मावशींच्या हातानं भरा." शहाणी पोरगी! तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

शेवटी मी कोष्टक तयार केलं. कप एका बाजूला, ग्रॅम दुसऱ्या बाजूला, मधे रेघ. भाजी ज्या वाडग्यात तोलायची, तो सुमनच्या माहेरचा जाड स्टीलचा वाडगा पण मी पिशवीतून नेला होता. तो रिकामा तोलला. बरोबर दीडशे ग्रॅम. कोष्टकाच्या खाली ठळक लिहिलं, 'वाडगा १५० ग्रॅम, वजा करणे', आणि खाली दोन रेघा ओढल्या. घरी येऊन ते स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलं. सुमनला ते वाचता येत नव्हतंच, पण तिनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती कष्ट घेतलं वो माझ्यापायी." माझी छाती वीतभर फुगली.

त्याच दुपारी अमोलनं पुण्याहून पाठवलेला स्वयंपाकघरातला छोटा काटा कुरिअरनं आला होता. मी घरात नव्हतो. त्यानं फोनवर आईला शिकवलं, कुठलं बटन, कसं दाबायचं. मी आलो तेव्हा सगळं मांडून तयार. काट्यावर वाडगा, शेजारी सोललेला मटार. सुमन म्हणाली, "काटा चालू केलाय, घाला."

मी घातला. वाचला. बारदान वजा केलं. "सत्तर! घे, अर्धा कप."

सुमननं वाडग्यात हात घालून चाचपलं. "अर्ध्या कपाला लईच वाटतोय की."

आता मी काय बोललो ऐका, आणि मला माफ करा. मी बोललो, "तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू, तुला काय अंदाज? डोळा फसवतो, काटा फसवत नाही."

तिनं वाडगा उचलला आणि मटार फोडणीला टाकला.

मग रोजचा तोच कार्यक्रम. मार्केटातून आलो की दुपारच्या दोन आणि रात्रीच्या दोन, अशा चार भाज्या तोलून द्यायचो. सुमन काटा मांडायची, मी घालायचो, वाचायचो, पुकारायचो. पुकारायचो म्हणजे खरंच पुकारायचो. खालून जनाबाय ओरडायची, "ए मापाड्या, हितं लिलाव हाय का?"

सुमन सगळं संपवायची. पहिले काही दिवस चवीनं, मग निमूट, मग एकेक घासाला पाणी पिऊन. ढेकरा तर अशा द्यायची की मशीनवरचं झाकण हलायचं! एकदा म्हणाली, "आज मटकी थोडी ठिवू का? पोटात जागाच न्हाई."

"औषधाची गोळी अर्धी टाकतेस का?" मी म्हणालो. "माप म्हणजे माप."

तिनं संपवली.

तीन आठवड्यांनी रक्त तपासलं. रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मी मनातल्या मनात ऑपरेशननंतर कुठला गॉगल घ्यायचा ते ठरवत होतो. रिपोर्ट उघडला. साखर होती तिथंच. बाजूला वजन लिहिलं होतं, ते दोन किलो वाढलेलं! डॉक्टर म्हणाले, "इतक्यात तारीख देता येणार नाही. घरी पथ्य नीट होत नाहीये."

पथ्य होत नाहीये? माझ्या घरात? माझ्या मापानं?

आणि मग, सांगायला लाज वाटते, पण किस्सा सांगायचा तर अख्खा सांगावा लागतो. मला वाटलं, सुमन चोरून खातेय.

काटा चुकत नाही. कोष्टक चुकत नाही. मी तर चुकतच नाही. मग राहिलं कोण? मी डबे उघडले. तांदळाच्या डब्यामागं संक्रांतीचे तिळाचे लाडू सापडले. "हे काय?"

"जनाबायच्या नातवंडांसाठी ठेवल्यात. मोजून घ्या, वीस हायत."

वीस होते. पण मापाड्याचा संशय असा जातोय होय? मी गुळाचा डबा तोलला आणि आकडा मनात ठेवला. दुसऱ्या दिवशी परत तोलला. तिसऱ्या दिवशी तोलला आणि उडालोच. नव्वद ग्रॅम कमी! दोन दिवसांत नव्वद ग्रॅम गूळ! पकडलं!

"सुमन!" मी असा ओरडलो की जनाबाय एका हातानं गुडघा धरत जिना चढून वर आली. "गूळ कुठं गेला? डोळे हवेत का नकोत तुला? मी इथं ग्रॅम ग्रॅम मोजतोय, आणि तू पाठीमागं गूळ खातेस?"

सुमन माझ्याकडं बघत राहिली. म्हणजे माझ्या आवाजाकडं. धुक्यात मी तिला किती दिसत होतो कोण जाणे. म्हणाली, "तुमच्या मापाभाईर मी एक घास घेतला न्हाई. देवाशपथ." आणि आत गेली.

जनाबाय दारात उभी. सत्तरीची म्हातारी, पण भीती तिला माझीच काय, कुणाचीच नाही. "काय रं मापाड्या, तिला कशाला बोलतंस? त्या गुलाचा चाय कोन पितं?"

"कुठला चहा?"

"तूच ना पितंस! साकर बंद हाय तुजे घरान, मग तुजा चाय गोर लागतं तो काय तुजे त्वांडानी?"

मी खुर्चीवर बसलो. खरंच की! घरातली साखर संपवून टाकली तेव्हापासून दिवसाचे माझे चार चहा गुळाचे होत होते, आणि मला पत्ता नाही. चोर सापडला होता. चोर चहा पीत चोर शोधत होता!

"आनि आयक," जनाबाय म्हणाली, "ती पोर पानी पन तुला इचारून पितं. इतकी कटकट करतंस तं तो काटा घे नि जा त्या डाएटवालीकरं. तिचेम्होरं माप. काय हाय नि काय नाय, तिला कलंल."

त्या रात्री सुमन जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. सकाळी मी दहा सुया ओवल्या. दोरा सारखा चुकत होता. मला मोतीबिंदू नाही तरी.

दोन दिवसांनी आम्ही दोघं ताईकडं. पिशवीत काटा, वाडगा, आणि किलोभर सोललेला मटार. मी जाताना पण ऐटीतच होतो. ताईचा कपांचा कागद चुकलाय, तिला ते दाखवून द्यायचं, असं मनात ठरवलेलं.

"मावशी," ताई म्हणाली, "घरी करता तसंच करा. मी नुसतं बघते."

सुमननं टेबलावर काटा ठेवला. काट्यावर वाडगा ठेवला. मग बोटानं चाचपून बटन शोधलं आणि दाबलं. "चालू हाय. घाला."

मी मटार ओतला. बेतानं, शेवटचे चार दाणे तर एकेक करून. "हे बघा ताई. सत्तर ग्रॅम. अर्धा कप."

ताई वाडग्याकडं बघत राहिली. वाडगा काठोकाठ. "काका, हा अर्धा कप?"

"सत्तर ग्रॅम."

"काट्यावर दोनशे वीस दिसतंय."

"बारदान वजा," मी म्हणालो. "वाडगा दीडशे. मार्केटात तोलून आणलाय."

"बरं. आता मटार काढा. वाडगा तसाच काट्यावर राहू द्या."

काढला.

"आता वाचा, काका."

मी वाचलं. मग चष्मा पुसला आणि परत वाचलं. वाकून बघितलं. बाजूनं बघितलं. काट्यावर दीडशे ग्रॅमचा वाडगा, आणि आकडा शून्य!

"अवो, किती हाय?" सुमननं विचारलं.

ताईच हळू म्हणाली, "मावशी, तुम्ही वाडगा ठेवून मग काटा चालू करता. त्यामुळं काटा वाडग्याचं वजन धरतच नाही. तो आधीच वजा झालेला असतो."

"व्हय, अमोलनं तसंच सांगितलंय," सुमन म्हणाली. "आई, आधी वाडगं ठेव आन् मग बटन दाब, म्हंजे वाडग्याचं वजन येत न्हाई."

"मला सांगायचं नाहीस?" मी कसंबसं म्हणालो.

"आता तुमाला काट्याचं काय सांगायचं? तुमी मापाडी!"

मंडळी, सत्तावीस वर्षं! सत्तावीस वर्षांत रिकामी गोणी मी कधी काट्यावर ठेवून बघितली नाही, कारण भरलेली वाचायची आणि बारदान वजा करायचं, हीच रीत. व्यापाऱ्यानं एकाच गोणीचं बारदान दोनदा वजा करायला लावलं तर मी त्याच्या अंगावर जायचो. आणि माझ्या घरात, माझ्या बायकोच्या ताटात, दिवसाला चार वेळा मीच बारदान दोनदा कापत होतो. दर वेळी दीडशे ग्रॅम जास्त. मी तिथंच बसून हिशोब केला, सवय ना. चार भाज्या, म्हणजे दिवसाला सहाशे ग्रॅम. एकवीस दिवस. साडेबारा किलोच्या वर! पाव गोणी भाजी मी ह्या बाईच्या पोटात भरली होती, आणि वर तिला चोर म्हणालो होतो.

ताई हसली नाही. ते तिचे उपकार. तिनं ड्रॉवर उघडला, तो निळा कप काढला आणि काढून ठेवलेला मटार त्यात भरून दाखवला. दीड कप झाला.

मी तो कप दोन्ही हातांनी घेतला. प्रसाद घेतात तसा.

बाहेर पडलो. बसस्टॉपवरच्या बाकावर बसलो. मी म्हणालो, "शहाळं घेऊ?"

"साखर असती त्यात," सुमन म्हणाली.

मग म्हणालो, "सुमन, मी तुला नको ते बोललो."

"बोलला खरं."

"एवढं खाताना तुला कळत नव्हतं का गं, हे जास्त आहे?"

"कळत हुतं की. पयल्या दिवशीच कळलं. आन् मला मटार आवडत बी न्हाई."

"मग बोलायचं ना! भांडायचं!"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "शेतकरी आन् व्यापारी, दोघं तुमच्या मापापुढं गप बसत्यात. मला वाटलं, माझाच हात चुकत असंल. तुमचं माप चुकंल, असं मनात बी आलं न्हाई माझ्या."

आख्ख्या मार्केटानं माझ्यावर जेवढा विश्वास टाकला नसेल, तेवढा ह्या बाईनं टाकला, आणि पोट फुगेस्तोवर निभावला. मला रडूच आलं. भर रस्त्यात. बस आली आणि गेली, आम्ही बसूनच राहिलो. मग सुमन म्हणाली, "गप आता. लोक म्हनतील, म्हातारीनं मारलं."

त्यानंतर आमच्या घरात काटा बंद, कप चालू. सुमननंच भरायचं, हलक्या हातानं, चाचपून. मी लांब उभा. माझ्या चहातला गूळ पण गेला. महिन्याभरानं रिपोर्ट आला आणि साखर उतरली होती. डॉक्टरांनी तारीख दिली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग काही आठवड्यांनी दुसऱ्याचं.

दुसऱ्या डोळ्याचं झाल्यावर थोड्या दिवसांनी मी सकाळी सुया घेऊन बसलो होतो. सुमननं माझ्या हातातली सुई काढून घेतली, खिडकीपाशी गेली, आणि पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. मग दुसरी. मग तिसरी. खाली जनाबायला हाक मारून दाखवली. जनाबाय खालूनच म्हणाली, "दिसली दिसली!" तिला तिथून काय सुई दिसतेय! पण आवाज भरून आला होता म्हातारीचा. मग सुमननं भिंतीवरचं माझं कोष्टक पहिल्यांदा वाचलं, वरपासून खालपर्यंत. शेवटच्या ओळीपाशी थांबली. 'वजा करणे' आणि खाली दोन रेघा. तिचे खांदे हलत होते. हसून हसून.

मग आम्ही ताईकडं गेलो, आभार मानायला. पेढे नेण्याची सोय नव्हती, म्हणून पिशवीभर दोडकी आणि फ्लॉवर नेला. ताई खूश. म्हणाली, "काका, मावशींचं झालं. आता तुम्ही पण एकदा वजनकाट्यावर उभे राहा बघू."

"मी कशाला?"

"राहा की वो," सुमन म्हणाली. ती पार दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती.

राहिलो उभा. समोर दांडीवरचे मोठे लाल आकडे बघितले. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, तोंडातून पुकारा आला, "ब्याऐंशी!"

दाराकडून आवाज आला. "एकोणनव्वद."

मी वळलो. "अगं, चपला, पट्टा, मोबाईल, किल्ल्या... बारदान वजा केलं मी."

"सात किलोची कापडं घालताय व्हय तुमी? एकोणनव्वद हाय. मला हितनं दिसतंय."

तिला तिथनं दिसतंय! दारापासून काट्यापर्यंत दहा-बारा पावलं असतील. जिला हातातली सुई दिसत नव्हती, तिनं तिथून माझा आकडा वाचला होता. माझा खरा आकडा, काही वजा न करता.

"परत वाच," मी म्हणालो.

"एकोणनव्वद."

"परत."

"एकोणनव्वद!" तिनं ओरडून सांगितलं, आणि बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी मान वर करून माझ्या पोटाकडं बघितलं. मी तसाच उभा, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. ताईनं कोरा कागद पुढं ओढला आणि माझं नाव लिहायला घेतलं.

म्हणून हा चहा बिनसाखरेचा. संपवा की, गार होतोय. बरोबर एक कप आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर नसू द्या, तो सुमननं मोजलाय.